जुन्या मोटारीचा दाखला

जुनी वस्तू विकत घेण्याचा व्यवहार आपल्याकडे पूर्वापार चालत आलेला आहे. जुने भांडे आपण वाजवून घेतो, जुना दागिना कसाला लावून घेतो, जुने घर घेताना तुळयांवर काठी ठोकून वाळवीचा अंदाज घेतो. परंतु जुनी मोटार मात्र पुष्कळ सुशिक्षित माणसे निव्वळ कागद पाहून घेतात. "गाडीचे पासिंग नुकतेच झाले आहे," एवढे शब्द विकणाऱ्याच्या तोंडून निघाले, की घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. हे पासिंग, म्हणजे मोटार रस्त्यावर चालविण्यास योग्य असल्याचा सरकारी दाखला, घेणाऱ्यास नेमके काय सांगतो आणि कोणत्या बाबतीत मौन पाळतो, याविषयी आज आपणांशी थोडे बोलावयाचे आहे.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक गाडी डोळ्यांसमोर ठेवू. आपणां सर्वांच्या परिचयाची प्रीमियर पद्मिनी घेऊ. इटलीच्या फियाट कंपनीच्या 'अकराशे' या गाडीची ही कन्या. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ती 'डिलाइट' या नावाने होऊ लागली, १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले, आणि या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे रूप म्हणजे हीच गाडी. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात झाली होती. टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. खासगी मालकांकडील गाड्या मात्र अद्याप आहेत. ज्यांच्या वडिलांनी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली आणि मग पेढे वाटून ही गाडी घरी आणली, त्यांची मुले आता चांगले मिळवू लागली आहेत आणि तशीच गाडी पुन्हा दारात असावी अशी त्यांना हौस वाटते. हौसेला माझा विरोध नाही. पण या हौसेत मागच्या आसनावर नातवंडे बसावयाची असतात, म्हणून दाखल्याचा विचार करणे प्राप्त आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर गाडी प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांपुढे नेऊन दाखवावी लागते, आणि ती योग्य ठरल्यास नोंदणी पाच वर्षांनी वाढवून मिळते. भाड्याच्या वाहनांचा नियम याहून कडक आहे: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी त्यांची तपासणी होते. आता हिशेब करा. अगदी शेवटच्या काळातली पद्मिनी धरली, तरी आज कायदेशीरपणे फिरणारी अशी प्रत्येक खासगी गाडी किमान दोनदा या तपासणीतून पार पडलेली असणार. तेव्हा "आमची गाडी पास आहे" या वाक्याने एका पद्मिनीचा दुसरीहून वेगळेपणा काहीच सिद्ध होत नाही. ज्या विकावयास आल्या आहेत त्या बहुधा सर्वच पास आहेत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. दाखला पाच वर्षांचा, आणि आपल्या कोकणपट्टीत पाच वर्षे म्हणजे पाच पावसाळे. एप्रिलच्या कोरड्या उन्हात तपासलेली गाडी आणि तीच गाडी चौथ्या पावसाळ्यानंतरच्या आश्विनात, या दोन वेगळ्या गाड्या समजाव्यात. समुद्राजवळ उघड्यावर उभी राहणारी असेल तर अधिकच. दाखल्यावरील तारीख पुढची असते, परंतु त्यातील साक्ष मागच्या एका दिवसाची असते. औषधाच्या बाटलीवरील तारखेप्रमाणे आपण ती वाचतो, इथेच घोटाळा होतो.

त्या एका दिवशी तरी काय पाहिले जाते? गाडीचा चासी क्रमांक व इंजिन क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळतात की नाही हे पाहतात. दिवे, भोंगा, काच पुसणारे वायपर, टायर, ब्रेक, स्टिअरिंग आणि धूर यांची पाहणी होते. जेथे स्वयंचलित तपासणी केंद्रे उभी राहिली आहेत तेथे चाके रोलरवर चढवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर धरतो हे यंत्राने मोजतात. डोळ्यांच्या अंदाजापेक्षा ही पद्धत निःसंशय बरी. पण यंत्र असो वा माणूस, तपासणारा गाडी खोलीत नाही. पायाखालचे पायपोस, त्याखालचे रबर, दाराच्या आतले अस्तर, रंगाखालची लांबी, यांतले काही तो उचकटून पाहणार नाही; तसे त्याने करावे अशी अपेक्षाही नाही. इंजिनाची झीज, क्लच, गिअरपेटी यांची अवस्था किती दिवस टिकणारी आहे, हा प्रश्न त्याच्यापुढे मुळी नसतोच.

माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांनी अशीच एक पद्मिनी घेतली. पासिंग होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. रंग नवा, आसनांची गवसणी नवी, इंजिन सुरेल. जुलैच्या पहिल्या जोराच्या पावसात मागे बसलेल्या बाईंच्या पायांशी पाणी आले. मिस्त्रीने रबर उचलले तो खाली पत्र्याऐवजी पत्र्याचे ठिगळ निघाले. ते रिबिटांनी बसवून वर डांबर फासलेले. पुढे शोध घेता उंबऱ्याची पोकळ पेटी आतून पोखरलेली आढळली, आणि मागच्या कमानीची एक बैठकही सैल झालेली दिसली. दुरुस्तीस गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक पैसे लागले. गुरुजी साहजिकच म्हणाले, की तपासणी करणाऱ्याने डोळे मिटून सही केली. मला तसे वाटत नाही. त्या दिवशी दिवे लागत होते, ब्रेक धरत होते, टायर चांगले होते. तपासणी खोटी नव्हती. तिला विचारलेला प्रश्न निराळा होता, एवढेच.

गंजाला मी इतके महत्त्व का देतो ते सांगितले पाहिजे. जुन्या जीपगाडीस किंवा ट्रकला खाली लोखंडी सांगाडा असतो आणि त्यावर टप बसविलेले असते. पद्मिनीस असा वेगळा सांगाडा नाही. तिचे शरीरच तिचा सांगाडा आहे. तळाचा पत्रा, दोन्ही बाजूंचे उंबरे, पुढच्या चाकांच्या वरचे पत्रे हे सारे मिळून भार वाहतात. बैठ्या घरातील कुडाची भिंत पडली तरी छप्पर खांबांवर उभे राहते. येथे भिंती हेच खांब आहेत. म्हणून दाराच्या खालच्या कडेला आलेला गंज शोभेचा दोष मानता येतो, पण उंबऱ्यातील किंवा कमानी जेथे अडकविल्या आहेत तेथील गंज हा जिवाशी खेळ आहे.

जिथे ही तपासणी सर्वांत नेटाने होते आणि तिचे टिपणही ठेवले जाते अशा एका देशाकडे आता वळू. ब्रिटनमध्ये १९६० साली वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांच्या कारकीर्दीत दहा वर्षांवरील मोटारींसाठी ही परीक्षा सुरू झाली. वाहतूक खात्याच्या आद्याक्षरांवरून लोक तिला एम.ओ.टी. म्हणू लागले. १९६७ मध्ये वयाची अट तीन वर्षांवर आली. आणि तीन वर्षे झाली की दरवर्षी परीक्षा, असा तेथील शिरस्ता आहे. गंजाविषयी त्यांचा नियम मला फार मार्मिक वाटतो. स्टिअरिंग, ब्रेक, कमानी किंवा आसनपट्टे जेथे शरीराला जोडलेले असतात, तेथून तीस सेंटिमीटरच्या आत भार वाहणारा पत्रा कुजलेला दिसला, की गाडी नापास. इतरत्र थोडाफार गंज चालतो. परंतु तिथल्या परीक्षकासही गाडी खोलण्याची मुभा नाही, आणि इंजिन, क्लच, गिअरपेटी ही तिथेही परीक्षेबाहेरच आहेत. म्हणजे दाखल्याचे आंधळेपण तिथे संपले आहे असे नव्हे. त्यांनी फक्त एक गोष्ट वेगळी केली: २००५ च्या सुमारास सर्व निकाल संगणकावर नोंदविण्यास आरंभ केला आणि ते कोणाही नागरिकास विनामूल्य पाहण्यास खुले ठेवले.

यामुळे तेथील ग्राहक कसा विचार करू शकतो पाहा. मॉरिस मायनर नावाची त्यांची एक लाडकी गाडी आहे. १९४८ ते १९७२ या काळात सोळा लाखांहून अधिक झाल्या. त्याच घराण्यातील ऑक्सफर्ड या थोरल्या गाडीवरून आपली ॲम्बॅसडर घडली, म्हणून आपल्यालाही ती परकी नाही. या मायनरची एक ख्यात खोड अशी, की पुढच्या चाकांच्या सांध्यांना नियमाने ग्रीस दिले नाही तर आटे झिजतात आणि एखाद्या दिवशी चाक सांध्यातून निसटून आडवे होते. आता समजा, अशी एक मायनर विकावयास आहे. तिचा ताजा निकाल 'पास' एवढेच सांगेल. पण मागील दहा वर्षांचे निकाल ओळीने वाचले, तर एका वर्षी "पुढील सांध्यात किंचित ढिलाई" असा इशारा दिसेल, पुढल्या वर्षी तोच इशारा पुन्हा, तिसऱ्या वर्षी नापास आणि दोन दिवसांनी पास. मालक गाडीची काळजी घेतो की परीक्षा जवळ आली म्हणजेच मिस्त्रीकडे धावतो, हे त्यातून कळते. दर वर्षीच्या मैलांचा आकडाही तिथे असतो. दोन-तीन वर्षे नोंदच नसेल तर गाडी कुठेतरी उभी होती असे समजावे. आणि उभी राहिलेली मोटार फिरणाऱ्या मोटारीपेक्षा अधिक बिघडते, हे कोणताही मिस्त्री सांगेल. एक निकाल म्हणजे छायाचित्र; निकालांची माळ म्हणजे चरित्र. वधूवरांच्या बाबतीत आपण फोटोवर विसंबत नाही, घराण्याची चौकशी करतो, तसेच हे.

गंमत अशी, की २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरील गाड्यांना, मोठे फेरफार केलेले नसल्यास, या परीक्षेतून तेथे सूट मिळाली. जुन्या गाड्यांचे मालक त्या जपून वापरतात, हे त्यामागील एक कारण. कारण खोटे नाही, पण जपणारा मालक आणि घेणारा ग्राहक ही दोन माणसे असतात. सूट मिळाल्यापासूनचे चरित्र कोरे राहते, म्हणून जाणते मालक आजही आपणहून परीक्षा देतात आणि विकताना तो कागद पुढे ठेवतात.

आपल्याकडे हे चरित्र ग्राहकास मिळत नाही. सरकारच्या 'वाहन' या संगणकीय नोंदवहीत गाडीचा क्रमांक घातला, तर नोंदणी कोठपर्यंत वैध आहे, विमा व धुराचा दाखला कोठपर्यंत आहे, गाडीवर कर्जाचा बोजा आहे काय, हे समजते. ही सोय उत्तम आहे आणि व्यवहारापूर्वी ती न वापरणे हा निव्वळ आळस होय. परंतु मागच्या तपासणीत अधिकाऱ्यास काय दोष दिसला, गाडी पहिल्या फेरीत परत पाठविली होती काय, हे तिथे दिसत नाही. ते दिसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणीचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर नेण्यात आले. एवढे घेतल्यावर तपासणीचे चार शब्द नागरिकास वाचू देण्यात कोणता मोठा खर्च येणार?

तोपर्यंत हे चरित्र घेणाऱ्याने स्वतः जुळविले पाहिजे. विकणाऱ्याकडे जुनी बिले मागा. धुराच्या दाखल्यांचा गठ्ठा मागा; अशा जुन्या गाडीस तो सहा-सहा महिन्यांनी घ्यावा लागतो, म्हणून मध्ये खंड पडला असेल तर गाडी त्या काळात उभी असावी किंवा मालक बेफिकीर असावा. त्या दाखल्यावरील आकड्यांवर मात्र फार भिस्त ठेवू नका. दोन हजार सालापूर्वीच्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे, आणि कार्ब्युरेटरचा एक स्क्रू पाव फेरा फिरविला की आकडा त्याखाली येतो. दाखला घेऊन बाहेर पडले की स्क्रू पुन्हा पूर्ववत होतो. हे कौशल्य आपल्याकडे फार पसरलेले आहे. विम्याचे कागद याहून प्रामाणिक, कारण विमा कंपनीस स्क्रू फिरवता येत नाही.

यानंतर गाडीकडे जा, आणि शक्य असेल तर पावसाळ्याच्या अखेरीस जा. सकाळी जावे, आणि आपण येईपर्यंत इंजिन चालू करू नये असे मालकास आधी सांगून ठेवावे. पोहोचताच बॉनेटवर हात ठेवून पाहावा. तो कोमट लागला तर थंड इंजिन लपविण्यासारखे काही आहे असे समजावे. पहिल्या सुरुवातीस निळसर धूर निघून लगेच थांबला तर थोडे ऑइल जळते आहे. धूर थांबतच नसेल तर इंजिन उघडावे लागेल. हा खर्चाचा प्रश्न आहे, धोक्याचा नव्हे, आणि पद्मिनीचे १०८९ घन सेंटिमीटरचे साधे इंजिन बांधणारे मिस्त्री अजून मिळतात. त्यापायी व्यवहार मोडू नये, किंमत मोडावी.

धोक्याची जागा खाली आहे. गाडी खड्ड्यावर किंवा लिफ्टवर घ्यावयास लावा. मालक नकार देईल तर नमस्कार करून घरी या. रुमालात गुंडाळलेले लोहचुंबक उंबऱ्यावरून आणि चाकांच्या कमानींवरून फिरवा. जेथे ते चिकटत नाही तेथे पत्रा नाही, लांबी आहे. पायाखालचे रबर स्वतः उचला. दाराच्या रबराखाली आणि छताच्या अस्तराच्या कडेला काळा-पिवळा रंग दिसला तर ती पूर्वाश्रमीची टॅक्सी. डिकीच्या तळाला गॅसच्या टाकीची भोके असतील तर शंका उरत नाही. टॅक्सीची तपासणी दरवर्षी होत होती हे खरे, पण ती धावलीही दहापट.

पुढचे चाक जॅकवर उचला, एक हात वर व एक खाली धरून हलवा. ठक्‌ठक्‌ असा आवाज येऊन चाक डगमगले, तर सोबत्यास ब्रेक दाबून धरण्यास सांगा. डगमग थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, आणि तो स्वस्तात निघतो. तरीही डगमगत असेल तर किंगपिन झिजला आहे. याचा अर्थ ग्रीस देण्याचे काम वर्षानुवर्षे कोणी केलेले नाही, आणि असा मालक इतर ठिकाणीही तसाच वागलेला असणार. ब्रेकचा पायटा दाबून मिनिटभर तसाच धरावा. तो हळूहळू खाली सरकू लागला, तर मास्टर सिलिंडरमधून द्रव गळतो आहे. गंमत ही, की असा ब्रेक तपासणीच्या क्षणी जोरात दाबला असता उत्तम धरतो. घाटात उतरताना, जेथे पाय बराच वेळ पायट्यावर असतो, तेथे तो दगा देतो. पेट्रोलच्या रबरी नळ्या बोटांनी दाबून पाहाव्यात. अलीकडच्या वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलशी जुन्या रबराचे पटत नाही, आणि गरम इंजिनावर ठिबकणारे पेट्रोल हा विषय टांगणीला ठेवण्याचा नव्हे.

कागदांविषयी एक सूचना राहिली. चासी क्रमांक आपल्या डोळ्यांनी वाचावा, विकणाऱ्याने काढून आणलेल्या छापावर विसंबू नये. काही पद्मिनींत मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेलचे बसविलेले आढळते. तो बदल नोंदणीपुस्तकात चढविलेला नसेल, तर पुढच्या पासिंगच्या दिवशी अडणार ते तुम्ही, तो नव्हे. पुढील पासिंगला वर्ष-सहा महिनेच उरले असतील, तर "आधी पास करून द्या, मग पैसे" असे म्हणण्याचा मोह होतो. माझे मत याच्या उलट आहे. विकण्यासाठी पास केलेली गाडी ही रंगवून पास केलेली असते. न रंगविलेली, मळकी, मुदत संपत आलेली गाडी उघड्या अंगाने समोर उभी असते. ती स्वतःच्या मिस्त्रीकडून पाहून, पासिंगचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावी.

काही जण म्हणतील, की या कटकटीपेक्षा गाडी पन्नास वर्षांची झाली म्हणजे विंटेज म्हणून नोंदवू. तशी तरतूद जुलै २०२१ मध्ये झाली आहे. पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात जतन केलेल्या गाडीस 'व्ही.ए.' अशा अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो; शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पद्मिनी हे नाव ज्या पहिल्या गाड्यांना मिळाले त्या आता या वयात आल्या आहेत. मात्र हा क्रमांक लावलेली गाडी रोजच्या वापरास काढता येत नाही. प्रदर्शनास, तांत्रिक संशोधनास, विंटेज गाड्यांच्या फेरीस, पेट्रोल भरावयास आणि दुरुस्तीस तिने जावे. मंडईत भाजी आणावयास जाण्याची तिला परवानगी नाही.